एकशे चाळीस नंबरचा बिल्ला

नकाराचं पत्र मंगळवारी आलं आणि रविवारी दुपारी सगळे आमच्या बालाघाटच्या घरी, पुढच्या खोलीत, घड्याळाखाली बसले.

वसंताभाऊजी सकाळच्या बसनं आले होते. उकव्याच्याही पुढे जंगलात जांभळपाटची मंगनीज खाण आहे, तिथं ते हजेरीबाबू. त्यांचे धाकटे भाऊ भोजराज, म्हणजे माझे यजमान, इथल्या शाळेत मास्तर. मामाजी, म्हणजे माझे सासरे, खाटेवर आपला लंगडा पाय सरळ करून बसले होते. आत्याबाई, माझ्या सासूबाई, खाली चटईवर, पाठ भिंतीला लावून. भिंत सोडली की त्या मागच्या मागे जातात, म्हणून त्यांची जागा मी ठरवून दिली होती. मी स्वतः दाराच्या चौकटीत उभी होते, दीड वर्षाच्या आनंदीला कडेवर घेऊन.

पत्र हिंदीत होतं. पाच दिवसांत मी ते इतक्यांदा वाचलं होतं की डोळे मिटून म्हणून दाखवलं असतं. तरी भोजराजांनी ते पुन्हा मोठ्यानं वाचलं, वर्गात धडा वाचतात तसं, एकेक शब्द सोडवून.

खाण-कामगार स्वास्थ्य विमा निधीचं म्हणणं दोनच ओळींचं होतं. एक, अर्जदार शेवंताबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, खाणीची कामगार नाही, कामगाराची आश्रित पत्नी आहे. दोन, तिच्या हाताचा कंप वयामुळे आहे. म्हणून नागपूरच्या विशेष तपासणीला मंजुरी देता येत नाही. खाली बारीक अक्षरात, फेरविचाराचा अर्ज तीस दिवसांत करता येईल. पत्रावरची तारीख धरली तर शुक्रवारी मुदत संपत होती.

"झालं," वसंताभाऊजी म्हणाले. "नाही म्हणाले ना? विषय संपला. मायले इथल्याच डॉक्टरले दाखवा. गोळ्या देईल."

"डॉक्टरच म्हणतात तपासणीशिवाय कुठली गोळी द्यायची ते कळत नाही," मी म्हणाले. "आणि तपासणीचा रक्ताचा नमुना नागपूरहून मुंबईला जातो. निधीचं पत्र असल्याशिवाय ते घेतच नाहीत. आपण पदरचा खर्च करतो म्हटलं तरी घेत नाहीत. मी विचारलंय."

"तुमी सगळंच विचारता, पुष्पाताई," भाऊजी म्हणाले. हसून म्हणाले, पण हसू तिथंच थांबलं.

ते खोटं नव्हतं. मी सगळंच विचारते. सगळंच पाहते. आनंदी झाल्यापासून तर जास्तच. भात निवलाय का, पाळण्याची दोरी झिजली का, कोण खोकतंय. आत्याबाईंचा हात पहिल्यांदा मीच पाहिला, ताकाची वाटी देताना. मग पाहिलं की त्या चालताना टाच टेकवत नाहीत, कोंबड्यासारख्या चवड्यांवर चालतात. मग आवाज बारीक होत गेला. आणि गेल्या पोळ्याला त्यांनी आनंदीला उचलून घेतलं नि त्या दोघी मागे भिंतीवर आदळल्या. पोरीला काही लागलं नाही. पण त्या दिवसापासून मी आनंदीला त्यांच्या मांडीवर दिलं नाही. बोलले काही नाही. आता झोपायची वेळ झाली, आता अंघोळ घालायची आहे, अशी कारणं काढत गेले. त्याही काही बोलल्या नाहीत. त्यांचं बोलणं तसंही कमी झालं होतं.

मला भीती दुसरीही होती. हा कंप रक्तातला असेल तर? भोजराज फळ्यावर लिहितात तेव्हा मी त्यांच्या बोटांकडे पाहायची. मग आनंदीच्या बोटांकडे.

इथल्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी त्यांना सरळ रेषेत चालायला लावलं, चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाई, खाणीत काम केलंय का कधी? आत, बोगद्यात? मंगनीजच्या धुळीनं असं होतं." आत्याबाईंनी तोंड उघडलं. पण मामाजी आधी बोलले. "नाही जी. बायांना आत उतरायची बंदी हाय. कामगार मी होतो. उत्कृष्ट कामगार."

घरी येताना रिक्षात आत्याबाई माझ्या कानाशी एवढंच म्हणाल्या, "मी उतरली होती."

रात्रभर थांबून सकाळी मी भोजराजांना विचारलं. ते डबा भरत होते. डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग बोलले. सत्तावन्न साली बाबांचा पाय दगडाखाली सापडला. बिल्ला गेला असता तर खाणीची खोलीही गेली असती. मुकादम भैयालाल आपल्या गावचा, लामत्याचा. त्यानं डोळेझाक केली. माय बाबांची चड्डी नि सदरा घालून, तोंडाला पंचा बांधून, बाबांचा एकशे चाळीस नंबरचा पितळी बिल्ला गळ्यात अडकवून बोगद्यात उतरली. सुक्या दगडात बरमा चालवला. काळी धूळ अशी उडे की समोरचा माणूस दिसू नये. एक-दोन महिने नाही. चार वर्षं.

"आणि घर?"

"बाबा स्वयंपाक करत. चांगला करत."

तीन वर्षं झाली होती आमच्या लग्नाला. सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. या घरात ती गोष्ट बोलायची नाही असा कुणी नियम केला नव्हता, पण घड्याळ होतं ना भिंतीवर.

घड्याळाबद्दल सांगायला हवं. लंबकाचं, काळ्या लाकडाचं, खाली पितळी पट्टी. पट्टीवर कोरलं आहे, 'पुनाराम टेंभुर्णे, उत्कृष्ट कामगार, २६ जानेवारी १९५८'. त्या वर्षी जांभळपाटला बरम्यानं दगडात सगळ्यांत जास्त छिद्रं पाडणाऱ्याला ते मिळालं. घरी पाहुणा आला, चहा झाला, की मामाजी आपसूक वर पाहत आणि पाहुण्याला विचारावंच लागे. मग मामाजी सांगत, डोंगर कसा कडक होता, बरमा कसा हातात नाचे, साहेब कसा म्हणाला की पुनाराम तेरे जैसा हाथ नहीं देखा. बक्षीस घ्यायला ते कुबडीवर गेले होते. कुणी विचारलं तर म्हणत, कालच पायरीवरून घसरलो.

पुढे एकदा, फार पुढे, मामाजींनी मला सांगितलं की त्यांना ते खोटं वाटतच नसे. इतक्यांदा सांगून सांगून बरम्याचे धक्के त्यांना स्वतःच्या मनगटात आठवू लागले होते. त्या रविवारी पत्र वाचून झालं तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही, हे मात्र मी पाहिलं.

"खरं सांगू का?" वसंताभाऊजी आता भावाकडे वळून बोलत होते. "अर्जात लिहिणार काय? माय कामगार होती? मग बाबा काय होते? चार वर्सांची हाजरी खोटी. बाबांच्या सेवापुस्तकावर सही कोनाची? साहेबाची. बोलावतील सगळ्यांले. आनि मी हाजरीबाबू कसा झालो? उत्कृष्ट कामगाराचा पोरगा म्हनून. उद्या मलेच विचारतील, बाबू, तुमच्याच घरचं रजिस्टर खोटं?"

"दादा बरोबर म्हनते," भोजराज म्हणाले. माझ्याकडे न पाहता म्हणाले. "पण अर्ज तर करावाच लागंल. मी एक मधला रस्ता काढला."

त्यांनी खिशातून कागद काढला. मला तो दाखवला नव्हता. हिंदीत दयेचा अर्ज होता. प्रार्थिनी एक वृद्ध, अनपढ़ और असहाय महिला है. निधीने कृपा करून अपवाद म्हणून तपासणी मंजूर करावी. पतीच्या दीर्घ सेवेकडे पाहून. खाणीत उतरल्याचा एक शब्द नाही.

"हे चांगलं हाय," वसंताभाऊजी लगेच म्हणाले. "असंच पायजे. कोनाले लागतही नाही, टोचतही नाही."

मामाजींनीही मान हलवली. तीन पुरुष एका बाजूला झाले आणि मला वाटलं, संपलं. दयेनं का होईना, तपासणी होत असेल तर मी कोण नाही म्हणणार? मी सही घ्यायला दौत-टाक आणायला वळलेसुद्धा.

"वृद्ध कोन?"

आवाज इतका बारीक होता की आधी कुणाला कळलं नाही कोण बोललं.

"माय, ते लिहायची पद्धत असते," भोजराज म्हणाले.

"वृद्ध कोन?" आत्याबाईंनी पुन्हा विचारलं. चेहऱ्यावर रेषा हलत नव्हती. "मी बावन वर्साची. अनपढ कोन? विहाराच्या शाळेत सही शिकली मी. तुह्या बापाच्या आधी शिकली. असहाय कोन, रे भोजा? तुही फी कोन भरली गोंदियाच्या बोर्डिंगची?"

त्यांनी भोजराजांच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"दया कुत्र्याले दाखवा. मले तपासणी नसन मिळत तर नको. पन कागदावर माहं काम लिव्हा. मी उतरली. चार वर्सं उतरली. ते लिव्हाल तर सही करन. नाही तर तुमचा कागद चुलीत घाला."

एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला. दोन-दोन शब्दांनंतर थांबत होत्या.

त्याच वेळी अनुसयाकाकी आल्या.

काकी म्हणजे मामाजींच्या वारलेल्या धाकट्या भावाची, प्रेमलालची बायको. शेजारच्याच घरात राहतात. आमच्याकडे चुलत, सख्खं असं काही नव्हतं, एकाच भांड्यातली भाजी दोन्ही घरी जाई. पण दोन वर्षांपूर्वी काकींच्या मुलीचं लग्न झालं. आत्याबाई मांडवात बसल्या होत्या, तोंड दगडासारखं करून. विहीणबाईंनी थट्टा केली, त्या हसल्या नाहीत. पोरगी पाया पडली, तरी हसल्या नाहीत. विहीणबाई जाताना म्हणाल्या, तुमची मोठी जाऊ फार मोठी दिसते. तेव्हापासून काकींनी बोलणं टाकलं. महिला मंडळाची अध्यक्षीण झाली म्हणून बाईच्या डोक्यात वारं गेलं, असं त्यांनी अख्ख्या वॉर्डात सांगितलं. त्या स्वतः मंडळाच्या सचिव. दर पौर्णिमेला दोघी एकाच सतरंजीवर बसत आणि एकमेकींशी माझ्यामार्फत बोलत.

आज मामाजींनी निरोप धाडून बोलावलं म्हणून आल्या. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढलेला, कारण समोर भासरे. बावीस वर्षांत काकी मामाजींशी थेट एक शब्द बोलल्या नव्हत्या. आमच्यात त्या पिढीत धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नसे; माझ्यापर्यंत ते सुटलं होतं. जे बोलायचं ते पोराला सांगायचं, त्याच्या नावानं.

"आनंदे," काकी माझ्या कडेवरच्या पोरीला म्हणाल्या, "सांग तुह्या आज्याले, मले काहून बोलावलं?"

"आनंदे, सांग तुह्या आजीले," मामाजी म्हणाले, "बीमाचा अर्ज आहे. घरच्या बाईमाणसाची सही साक्षीले पायजे."

आनंदीनं दोघांकडे पाहून "बुवा" म्हटलं. तिला तो एकच शब्द येत होता.

"सांग आज्याले," काकी म्हणाल्या, "साक्षीची सही मी देत नाही. ज्या बाईले आमच्याकडे पाहून हसवत नाही, तिच्या कागदावर माही सही कशी शोभंल? आनि आली तर हेबी सांगून जाते, म्या सचिवपद सोडलं. हे घ्या रजिस्टर."

त्यांनी पदराखालून मंडळाचं लाल कापडाचं रजिस्टर काढून खाटेवर ठेवलं. ठेवलं म्हणण्यापेक्षा आपटलं.

"काहून सोडलं ते विचार, पुष्पे. मलेच विचार."

"काहून सोडलं, काकी?" मी विचारलं.

"मानूस सही तरी मोठ्या मनानं करते! पाह्य. अध्यक्षांची सही पाह्य. मुंगी चालल्यावानी. कोपऱ्यात, जशी का मंडळावर थुंकून राह्यली. कलेक्टर हाय का ही? मी सह्या मोजून दाखवते तुले. पैले अशी करे का?"

त्यांनी रजिस्टर उघडलं आणि पानं उलटत गेल्या. मी आनंदीला खाली ठेवलं आणि वाकून पाहू लागले.

चौसष्ट सालची पौर्णिमा. 'शेवंताबाई पुनाराम टेंभुर्णे', ओळ फोडून वर-खाली गेलेली, अक्षरं बोराएवढी, एकेक काना खुंटीसारखा. सदुसष्ट. सही ओळीत मावत होती. अडुसष्ट, मुलीच्या लग्नाचं वर्ष. पहिलं अक्षर बरं, मग उतरत गेलेलं, 'टेंभुर्णे' तांदळाएवढं. यंदाचं पान. सुरुवातीपासूनच मुंगी, शेवटी नुसती काळी कणी.

डॉक्टरांनी त्या दिवशी आत्याबाईंना कागदावर एकच ओळ तीनदा लिहायला लावली होती. पुसटसं काही म्हणाले होते, अक्षर पूर्वी कसं होतं ते पाहायला मिळालं असतं तर. मी तेव्हा म्हटलं होतं, त्या काही लिहीत नाहीत हो. मला सगळं पाहायची सवय, आणि हे रजिस्टर दर महिन्याला माझ्याच हातून इकडून तिकडे जायचं.

"काकी," मी म्हणाले, "या सह्या लहान केलेल्या नाहीत. झाल्यात."

"म्हणजे?"

"हात आकसतोय त्यांचा. पान पान पाहा. वयानं असं होत नाही. आणि हसणंही तसंच आहे. डॉक्टर चेहऱ्याकडे पाहत होते ते त्यासाठी. हसू येतं, चेहरा हलत नाही."

काकींनी पदर थोडा वर केला. आत्याबाईंकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुले माह्या पोरीच्या मांडवात हासू आलतं?"

आत्याबाईंचा हात मांडीवर थरथरत होता, तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरला.

"अनसू," त्या म्हणाल्या, "तुही विहीन म्हने, नवरदेव पळाला तर घोडा तरी ठेवून घ्या. मी आतून इतकी हासली वो. पोट दुखलं. तोंड काही हाललं नाही. मले वाटलं, भर मांडवात मले काय झालं. कोनाले सांगू? तू तर बोलेचना."

सगळं ठरल्यावर, सगळे गेल्यावर, आत्याबाईंनी मला एकदा सांगितलं की हसू छातीपर्यंत येतं आणि बोगद्याच्या तोंडाशी येऊन थांबल्यासारखं थांबतं. बाहेर उजेड दिसतो, पण पाय निघत नाही. त्या दिवशी काकी त्यांच्याजवळ चटईवर जाऊन बसल्या आणि त्यांचा हात आपल्या हातात घेऊन तो थरथरायचा थांबतो का ते पाहत राहिल्या. थांबला नाही.

मग काकींनी जे केलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर त्यांनी खांद्यावर टाकला आणि मामाजींकडे वळल्या.

"भासरेबुवा," त्या म्हणाल्या. थेट.

मामाजी खाटेवर मागे सरकले. वसंताभाऊजींनी खाली पाहिलं.

"भासरेबुवा, जांभळपाटले बी आपन शेजारीच होतो, तेव्हा चार वर्सं तुमच्या घरी पीठ माह्या घरून येत होतं. बाई बोगद्यातून येऊन न्हाये, तं पाणी माह्या मोरीत काळं जाये. मले सगळं ठाऊक हाय. मी कधी कोठी बोलली नाही. तुमची इज्जत ते माही इज्जत. पन आता या बाईले लोक घमंडी म्हनते, नि मीच पैले म्हनली. मी वॉर्डात तोंड खाली घालून सांगीन का मी चुकली. तुमी काय सांगाल?"

भोजराजांनी आपला दयेचा अर्ज घडी घालून खिशात टाकला, मग काढून फाडला. दोनच तुकडे केले. मला वाटतं, त्यांना ते करताना कुणी पाहावं असंही वाटत होतं आणि पाहू नये असंही.

मामाजी उठले. लंगडत भिंतीशी गेले. घड्याळ काढायला हात वर केला, मग थांबले. काढलं नाही. पितळी पट्टीवर अंगठा ठेवून उभे राहिले.

"सव्वीस जानेवारीले," ते आमच्याकडे पाठ करूनच बोलू लागले, "साहेबानं माह्या हातात हात दिला. म्हने, इतका मऊ हात? मी म्हटलं, साहेब, तेल लावतो. खाली बाया बसल्या होत्या. ही बसली होती. हिच्या हाताले तेव्हा सात फोड. हिनं सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या."

ते वळले. "पुष्पाबाई, लिहा. मी सांगतो. दवाखान्याचा कागद पेटीत आहे, प्लास्टरचा. त्यावर महिने आहेत. त्याच महिन्यांत एकशे चाळीसची हाजरी पूर्ण आहे. दोन्ही कागद जोडा. म्हनावं, माणूस एकाच वेळी खाटेवर नि बोगद्यात कसा असन? सांगावं लागंल ना त्यायले."

"बाबा, नोटीस येईल," वसंताभाऊजी म्हणाले.

"येऊ दे. मी स्वयंपाक करत होतो म्हनून सांगीन. चांगला करत होतो. विचार भोजाले."

"अळणी करत होते," आत्याबाई म्हणाल्या.

कुणाला आधी हसू आलं ते आठवत नाही. काकी तोंडात पदर धरून हसत होत्या. आत्याबाईंचा चेहरा तसाच होता, दगडी, पण आता आम्हाला सगळ्यांना दिसत होतं की त्याही हसतायत. पाहायचं कुठं ते कळलं होतं. डोळ्यांत.

वसंताभाऊजी नाही हसले. घर, दोन मुलं, हजेरीची खुर्ची, सगळं त्यांच्या डोक्यात फिरत असणार. ते बराच वेळ वरच्या पट्टीकडे पाहत होते. मग बुशकोटाच्या खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"हाजरीच्या जुन्या रजिस्टरांची यंदा रद्दी काढायचा हुकूम आलाय," ते म्हणाले. "अठ्ठावनचं मी बाजूले काढून ठेवतो. पाननंबरही लिहा अर्जात. एकसष्ट. मी ते पान पाह्यलंय. नोकरी लागली त्या दिवशीच पाह्यलंय."

अर्ज मी लिहिला. हिंदीत, कारण कचेरी हिंदी. माझं हिंदी पुस्तकी, भोजराजांनी दोन ठिकाणी सुधारलं. 'प्रार्थिनी' काढून 'श्रमिक' केलं. पहिल्याच ओळीत लिहिलं, मैं, शेवंताबाई पुनाराम टेंभुर्णे, बिल्ला नंबर १४०. खाली मंडळाच्या रजिस्टरातल्या सह्यांच्या तारखा. मामाजींचं निवेदन वेगळ्या कागदावर, त्यांच्याच शब्दांत. 'मी त्या काळात खाणीत उतरलो नाही' हे वाक्य त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, ठीक आहे.

सहीसाठी आत्याबाईंसमोर पाट ठेवला. काकी त्यांचा हात धरायला पुढे झाल्या.

"धरू नको," आत्याबाई म्हणाल्या.

"मोठी करशील का, बाई? पैलेसारखी?" काकींनी विचारलं.

"नाही, काकी," मी म्हणाले. "जशी येईल तशी येऊ दे. तोच पुरावा आहे."

टाक कागदाला लागला. पहिलं अक्षर बाजरीच्या दाण्याएवढं आलं, पुढची त्याहून लहान. पूर्ण नाव एका रुपयाखाली झाकलं गेलं असतं. त्यांना पाच मिनिटं लागली. आम्ही सगळे उभे होतो. का ते ठाऊक नाही, पण कुणी बसलं नाही.

मग त्यांनी टाक ठेवला आणि शाई सुकायची वाट पाहत बसून राहिल्या. आनंदी रांगत पाटाजवळ पोचली होती. शाईत हात घालणार तेवढ्यात मी तिला उचललं. उचलून कडेवर घ्यायचं, तशी सवयच होती. पण मी खाली बसले, आत्याबाईंच्या पाठीला माझा खांदा लावला, भिंतीसारखा, आणि पोरगी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. थरथरणारा हात आनंदीच्या पाठीवर ठेवला. पोरीला तो हात आवडला असावा. ती "बुवा" म्हणाली.

सोमवारी सकाळी आम्ही विम्याच्या कचेरीत गेलो. आम्ही म्हणजे मामाजी, आत्याबाई, काकी आणि मी, आनंदीला घेऊन. भोजराजांची शाळा होती. वसंताभाऊजी पहाटेच्या बसनं गेले होते. जाताना आईच्या पाया पडून गेले, एरवी पडत नाहीत.

खिडकीमागे तरुण बाबू होता. आमच्याकडे न पाहता हात पुढे केला. "आवेदक कौन है?"

बोलायचं काम मामाजींचं. बँकेत, शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे तेच आधी बोलत आले. ते खिडकीजवळ उभे होते. त्यांनी घसा खाकरला आणि एक पाऊल मागे घेतलं.

आत्याबाई चवड्यांवर पुढे झाल्या. मी मागे उभी राहिले, त्यांची पाठ माझ्या हाताशी.

"मैं," त्या म्हणाल्या. "एक सौ चालीस नंबर. शेवंताबाई."

बाबूनं अर्ज वाचला. कपाळाला आठ्या पडल्या. पुन्हा वाचला. मग मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला सवय असेल, अर्ज घेऊन येणारी माणसं खिडकीत कशी वाकतात, कशी हसतात, हात कसे जोडतात. समोर एक सरळ उभी बाई होती आणि तिच्या तोंडावर काहीच नव्हतं.

"माताजी, अर्जी देने आई हैं या हुकुम?" तो म्हणाला. मग शेजारच्या टेबलाकडे वळून हळू आवाजात, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाला, "बुढ़िया बड़ी घमंडी है."

काकी माझ्या बाजूनं पुढे सरकल्या. पदर खांद्यावरच होता.

"हौ जी," त्या म्हणाल्या. "हाय आमची बाई घमंडी. पावती द्या."